शंभराच्या आतली वीज

इलेक्ट्रिक गाडी आल्यानंतरचं पहिलं वीजबिल मी आधी उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, आणि मग फायलीतून मागचं बिल काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. आदल्या महिन्यात २१० युनिट. या महिन्यात ३७०. युनिट वाढणार हे ठाऊकच होतं. पण युनिट पाऊणपट वाढले होते आणि बिल दुपटीच्या वर गेलं होतं. ते मला पटेना.

शोरूममधल्या मुलाने कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून दाखवले होते. "सर, किलोमीटरला एक रुपया. फार तर सव्वा." त्याने खोटं सांगितलं असं मी आजही म्हणणार नाही. त्याच्या हिशेबात युनिट सात रुपयांना होतं, आणि सात रुपयांचं युनिट महाराष्ट्रात खरोखर मिळतं. ते कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही, हे समजायला मला पुढचं वर्ष लागलं.

बिलाच्या मागच्या बाजूला टप्पे छापलेले असतात. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. वीज आकार वेगळा, तारांतून घरापर्यंत वीज आणण्याचा वहन आकार वेगळा, स्थिर आकार वेगळा, इंधन समायोजन आकार वेगळा आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. २०२४-२५ च्या दरांनी वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिली शंभर युनिटं सहा रुपयांच्या आत पडत होती. शंभर ओलांडली की युनिट साडेअकराच्या आसपास. तीनशे ओलांडली की पावणेसोळाच्या आसपास. आमचं घर पूर्वीपासूनच दोनशेच्या वर होतं. फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर, पोरांचे कॉम्प्युटर. म्हणजे स्वस्तातली शंभर युनिटं घरानेच संपवलेली. गाडी सगळ्यात शेवटी आली आणि पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात जे उरतं ते तिला मिळालं. तिच्या १६० युनिटांतली ९० साडेअकराने, उरलेली ७० पावणेसोळाने, आणि वर शुल्क. गाडीचे म्हणून सुमारे अडीच हजार. महिन्याला हजार किलोमीटर फिरतो, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये.

जुनी पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा द्यायची. पेट्रोल शंभराच्या वर. किलोमीटरला जवळजवळ सात रुपये. तेव्हा मी नुकसानीत होतो असं अजिबात नाही. पण अण्णांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं, तेव्हा ते पलीकडून म्हणाले, "फायदा किती झाला ते सोड. युनिट कितीला पडलं ते सांग."

अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज बोर्डात लाइनमन होते. २००५ च्या जूनमध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या, पण कराडजवळच्या आमच्या गावात अजूनही 'बोर्ड' हाच शब्द चालतो, आणि अण्णांच्या तोंडी दुसरा कधी आलाच नाही. मी पाचवी-सहावीत असेन. त्यांनी मला मीटरखाली स्टुलावर उभं केलं होतं. तो जुना मीटर, आत ॲल्युमिनियमची तबकडी, कडेला एक लाल खूण. घरातले सगळे दिवे बंद केले, तबकडी थांबली. मग आईला इस्त्री लावायला सांगितली. तबकडीने एकदम वेग घेतला, लाल खूण भराभर समोरून जायला लागली. "ही हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. एवढं ध्यानात ठेव, मग तुला कुणी फसवणार नाही." शाळेत पुढे किलोवॅट-अवर शिकवलं, तेव्हा मला ते आईच्या इस्त्रीच्या वासासकट आधीच माहीत होतं.

अण्णांची एक वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. त्यात दर महिन्याच्या रीडिंगची तारीख, आकडा, आदल्या महिन्याचा आकडा, वजाबाकी, आणि रुपये. निवृत्त झाल्यापासून एकही महिना चुकलेला नाही. मी त्यांच्याच सवयीने गाडीची वही सुरू केली. कुठे चार्ज केली, किती युनिट, किती पैसे. खाली जे आकडे येतील ते त्या वहीतले आहेत. दर बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या वहीत वेगळे असतील.

गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो तो दिवस सांगण्यासारखा आहे. पुण्यात धायरीतून निघालो तेव्हा शंभर टक्के. गाडीची बॅटरी ३० युनिटांची. खंबाटकी घाट चढताना टक्के भराभर उतरतात आणि पोटात गोळा येतो. मग सुरूरच्या बाजूला उतार लागला की ब्रेकची ताकद परत बॅटरीत जाते आणि एखाद-दुसरा टक्का वाढलेला दिसतो. गावात पोहोचलो तेव्हा १७ टक्के शिल्लक. पडवीत पंधरा अँपियरचा सॉकेट होता, पूर्वी पिठाची घरगुती चक्की चालायची त्याच्यावर. मी चार्जर लावला आणि लाल दिवा लागला. काढून परत लावला, पुन्हा लाल.

अण्णा आत जाऊन टेस्ट लॅम्प घेऊन आले. होल्डर, दोन वायरी आणि एक साधा बल्ब. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तेव्हा बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला तेव्हा नुसती तार तांबूस झाली. "अर्थिंग मेलंय," ते म्हणाले. एवढं बोलून गप्प बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची अर्थिंग तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरची अर्थिंग मेलेली निघाली, हे त्यांना लागलं होतं. त्या दिवशी मला कराडला जाऊन एका हॉटेलच्या आवारात गाडी चार्ज करावी लागली. पण पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा न्हाणीघराच्या मागे, जिथे सांडपाण्याने जमीन कायम ओली असते, तिथे नवा खड्डा घेतलेला. आत जाड जीआय पाइप, भोवती लाकडी कोळशाचा एक थर, खड्याच्या मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर पाणी ओतायला नरसाळं. अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. खड्डा गड्याने खणला, पण थर त्यांनी स्वतःच्या हाताने लावले. चार्जर लावला. हिरवा दिवा लागला, तेव्हा आईने आतून विचारलं, "झालं का रे?" आणि अण्णा म्हणाले, "झालं."

वहीतलं सगळ्यात स्वस्त युनिट त्या सॉकेटवरचं आहे. आई-अण्णांचा महिन्याचा वापर सत्तरच्या आत. माझी गाडी एका फेरीला मीटरवर २६-२७ युनिट घेते, कारण बॅटरीत २४ जायची असतील तर वाटेत थोडी गरम होऊन जातातच. सत्तर अधिक सव्वीस, शंभराच्या आत. शुल्क धरून युनिट सात रुपयांच्या आतच राहिलं. शोरूममधल्या मुलाचं सात रुपयांचं युनिट मला अखेर सापडलं ते गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या काटकसरीत. महिन्यातून दोन फेऱ्या झाल्या तर शंभराची वेस ओलांडली जाते, हे अण्णांना माझ्याआधी दिसलं. ते मला फोनवर सांगतात, "रीडिंग बारा तारखेला घेतात. एकदा दहाला ये, एकदा पंधराला ये."

इकडे सोसायटीत मात्र प्रकरण सोपं नव्हतं. सुरुवातीला मी माझ्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत जाड केबल ओढून घेतली होती. घरच्या वीजजोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२२ च्या जानेवारीतल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच लिहिलं आहे, त्यामुळे कमिटीने फार ताणलं नाही. पण मग दुसरी गाडी आली, तिसरी आली, तीन-चार स्कूटर आल्या आणि मीटर रूममधून केबलींची वेणी बाहेर पडायला लागली. सेक्रेटरींनी विषय वार्षिक सभेत घेतला. प्रस्ताव असा की सोसायटीच्या नावाने गाड्यांसाठी स्वतंत्र जोडणी घ्यायची. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी २०१८ मध्येच केली आहे. तिला टप्पे नाहीत. शेवटी आलेल्याला शेवटचा दर, ही भानगडच नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. त्या एकट्या राहतात, पेन्शनवर. त्या म्हणाल्या, "गाड्या तुमच्या. जोडणीचे पैसे, केबलचे पैसे, ते सगळं मेंटेनन्समधून जाणार. माझ्याकडे तर सायकलसुद्धा नाही. मी का देऊ?" सभेत कुजबुज झाली. मला त्या क्षणी राग आला होता, हे लिहून ठेवतो. रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. माझ्या वाचलेल्या पेट्रोलचा हप्ता त्यांनी भरायचं काहीच कारण नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही गाडीवाल्यांनी बसून सुरुवातीचा सगळा खर्च आपापसात वाटून घेतला. नंतर जो गाडी घेईल त्याने आपला वाटा भरून सामील व्हायचं. आता स्थिर आकार, देखभाल सगळं धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं, प्रत्येकाच्या कार्डावर त्याची युनिटं मोजली जातात, आणि काकूंच्या मेंटेनन्समध्ये एक पैसा वाढलेला नाही. माझी किलोमीटरची किंमत अडीच रुपयांवरून एक रुपया साठ पैशांवर आली. गाडी तीच, रस्ता तोच.

मला वाटलं होतं, हिशेब इथे मिटला. मग पावसाळ्यात सोसायटीच्या जोडणीत बिघाड झाला आणि आठवडाभर मला बाहेरच्या चार्जरवर जावं लागलं.

बाहेरचा चार्जर म्हणजे मोठं यंत्र. घरी रात्रभर जे काम होतं ते तिथे तासाभरात होतं, आणि ऐंशी टक्क्यांनंतर तेही मंदावतं. दर होता युनिटला २० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २३ रुपये ६० पैसे. गाडी विकत घेताना जीएसटी ५ टक्के, तीच गाडी चार्ज करताना १८ टक्के. याचं कारण कायद्यात आहे. विजेची विक्री करायची तर परवाना लागतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे. त्यामुळे कुणालाही परवान्याशिवाय चार्जिंग स्टेशन काढता आलं, आणि ते फार चांगलं झालं. पण सेवा म्हटलं की सेवेचा कर आला. घरच्या विजेवर जीएसटी नाही, बाहेरच्या चार्जिंगवर आहे. शिवाय चालवणाऱ्याचा खर्च खरा असतो. यंत्र लाखांत जातं, ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, जागेचं भाडं, मंजूर भाराचा आकार, आणि गाडी आली नाही तरी यातलं बरंच काही चालू राहतं. वीस रुपये ऐकून मी त्याला लुटारू म्हणणार नाही.

राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. माझ्या फोनमध्ये सहा ॲप आहेत, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये शे-दोनशे रुपये अडकलेले. त्या आठवड्यात एका यंत्राने तीन युनिट देऊन मान टाकली आणि पाचशे रुपये आठ दिवस परत आले नाहीत. आणि दर कुठेही बाहेर लिहिलेला नाही. पेट्रोल पंपावर २०१७ पासून रोज दर बदलू शकतो, तरी तो मोठ्या अक्षरांत रस्त्यावरून दिसतो. इथे गाडी आत घ्या, ॲप उघडा, ओटीपी टाका, मग कळणार. पंपासारखा एक फलक, युनिटला इतके रुपये, कर धरून. एवढीच माझी मागणी आहे आणि ती मी भेटेल त्याला सांगत सुटतो.

त्या आठवड्यात तिसऱ्या रात्री माझ्या शेजारी एक टॅक्सी लागली होती. इलेक्ट्रिक, पिवळी पाटी काळी अक्षरं नव्हे, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. चालक तिशीतला, मूळचा बीडकडचा. डबा उघडून बॉनेटवर ठेवला आणि मलाही भाकरी पुढे केली. बोलता बोलता मी वहीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "दादा, माझी वही डोक्यात आहे." रोज दोनशे किलोमीटर, तीस-एकतीस युनिट. वडगावात एका खोलीत चौघं राहतात. गाडी रस्त्यावर लागते. खोलीचा मालक मोबाइलच्या चार्जिंगला काही म्हणत नाही, गाडीला वायर सोडू देणं शक्यच नाही. म्हणजे त्याची सगळी, अगदी प्रत्येक युनिट, बाहेरच्या दराची. तो रात्री उशिरा येतो कारण काही ठिकाणी तेव्हा थोडं स्वस्त पडतं. सरासरी वीस धरा. रोजचे सहाशे. माझ्या सोसायटीतल्या सॉकेटवर तेच तीनशेत झालं असतं. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसात हजारांचा फरक. खोलीच्या भाड्यातला त्याचा वाटा यापेक्षा कमी आहे.

"आणि झोप?" मी विचारलं.

"ती गाडीतच. ऐंशी टक्के झाले की यंत्र शिट्टी मारतं."

मी घरी आलो आणि वही उघडून बराच वेळ बसलो. एकाच तारेतून येणारी वीज. अण्णांच्या पडवीत सात रुपये, माझ्या पार्किंगमध्ये दहा, माझ्याच घरच्या मीटरवर महिनाअखेरीला शुल्कासकट अठरा, आणि त्याला वीस ते चोवीस. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आहे त्याला स्वस्त. ज्याचं पोट गाडीवर आहे, जो माझ्या पाचपट फिरतो, पुण्याच्या हवेतला धूर माझ्यापेक्षा जास्त कमी करतो, त्याला सगळ्यात महाग. हे असंच असतं म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही, कारण हे मोठ्या यंत्रांनी सुटणारं दुखणंच नाही. त्याला रात्री आठ तास गाडी उभी करता येईल अशी जागा आणि तिथे पंधरा अँपियरचा साधा, चांगल्या अर्थिंगचा, मीटर लावलेला सॉकेट हवा आहे. महापालिकेचे वाहनतळ रात्री रिकामे असतात. उड्डाणपुलांखाली जागा आहे. तासाभरात गाडी भरणाऱ्या एका यंत्राच्या पैशात असे कितीतरी सॉकेट बसतील.

ऑफिसांचंही तेच. पूर्वी स्वस्त वीज म्हणजे रात्रीची, हे समीकरण होतं. आता सूर्याची वीज एवढी यायला लागली की दुपार स्वस्त व्हायला लागली आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळते. पण नऊ ते पाच आपल्या गाड्या असतात कुठे? कंपन्यांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या पार्किंगमध्ये, उन्हात तापत. तिथे सॉकेट लावा, वर पत्र्यांऐवजी सोलरची पॅनेल घाला, हे मी आमच्या ऑफिसात तीनदा लिहून दिलं आहे. चौथ्यांदाही देणार आहे.

त्या चालकाला मी माझा नंबर दिला. त्याला सोसायटीत आणून गाडी लावू देणं माझ्या हातात नाही, नियम तसा आहे आणि काकूंसारखी माणसं विश्वासाने राहतात म्हणून तो नियम मला मोडायचाही नाही. कमिटीपुढे मात्र विषय ठेवला आहे. पाहुण्यांची एक जागा रात्री अकरा ते सहा रिकामी असते. उत्तर अजून यायचं आहे.

गेल्या महिन्यात गावी गेलो, तारखेच्या आधी, ठरल्याप्रमाणे. फाटकाशी एक हिरवी स्कूटर उभी होती आणि पडवीतल्या सॉकेटमधून तिला वायर गेली होती. शेजारच्या वाडीवरच्या शाळेतल्या बाई. त्यांच्या घरी दुपारी बऱ्याचदा थ्री फेजचं काम निघतं आणि वीज जाते, म्हणून शाळा सुटल्यावर तासभर इथे थांबतात. आईशी गप्पा होतात, कपभर चहा होतो.

मी अण्णांची लाल वही उघडली. रीडिंगच्या खाली आता नवीन रकाना आखला आहे. तारीख, 'बाईंची गाडी', युनिट. १.२. ०.९. १.४. प्रत्येक नोंद त्यांच्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. त्यापुढचा रुपयांचा रकाना मात्र सगळा रिकामा होता, नुसत्या आडव्या रेघा.

"पैसे नाही घेत?" मी विचारलं.

"घरगुती मीटरची वीज विकायची नसते," अण्णा म्हणाले. "बोर्डाचा नियम आहे."

मग वही माझ्या हातातून घेतली, घड्याळ बघितलं आणि बाईंची आजची युनिटं मांडायला चष्मा शोधायला लागले.